यांनी न सांगितलेलं बडोदं

गाडी बडोद्यात शिरली तेव्हा नुकतं उजाडत होतं. रुळांच्या कडेच्या जवळजवळ प्रत्येक झाडावर पतंग अडकले होते. लाल, पिवळे, फाटलेले, शेपट्या लोंबणारे. उत्तरायण (इकडे संक्रांतीला असं म्हणतात) होऊन आठवडा झाला होता, पण शहराने आपलं आकाश अजून आवरलं नव्हतं. अर्धवट झोपेत मला वाटलं, इथली झाडं अशीच फुलत असतील.

मी फलटणची, वय सदुसष्ट. हे सव्वीस वर्षं सैन्यात होते, बिनतारी संदेशाच्या खात्यात. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं त्यांनी बडोद्याजवळ वाघोडियाला एका कारखान्यात सुरक्षेची नोकरी केली. मुलाची शाळा मोडायला नको म्हणून मी फलटणलाच राहिले. मग परत आले ते डाळिंबाची रोपं घेऊनच. बाग लावली, गावातले मुके रेडिओ बोलते केले, गणपतीत ताशा वाजवला, मद्रासकडे असताना शिकलेला डोसा दर रविवारी घातला. मागच्या श्रावणात गेले.

दिवाळीनंतर एक फोन आला. बाईचा आवाज. भाषा मराठी, पण हेल गुजराती.

"सुभेदारभाऊ आहेत का? मी शैला, बडोद्याहून."

ते गेल्याचं सांगितलं तशी ती रडायला लागली. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात मी हे नाव ऐकलं नव्हतं. "आम्ही चौघी स्कूटरवरून पावागडला जाऊन आलो," ती हुंदके आवरत म्हणाली, "ते भाऊंना सांगायचं होतं. किती जणांना विचारून हा नंबर मिळवला." आणि मग, "वहिनी, तुम्ही या ना एकदा."

मुलाला म्हटलं, शहर बघून येते. खरं कारण त्याला सांगण्यासारखं नव्हतं. मला ती बाई बघायची होती.

ती स्टेशनाबाहेर उभी होती. ठेंगणी, पिकल्या केसांची, सलवार-कमीजवर स्वेटर, डोक्यावर हेल्मेट. माझ्या पाया पडली आणि स्कूटरकडे बोट दाखवून म्हणाली, "बेसो, वहिनी." (बसा.) माझी पिशवी तिने पायाशी ठेवली, आणि मी उभ्या जन्मात पहिल्यांदा एका बाईच्या मागे स्कूटरवर बसले.

थंड वारं, धुकं, दुधाच्या गाड्या. विश्वामित्रीच्या पुलावर तिने वेग कमी केला. खाली झाडीत बुडालेलं काळपट पाणी होतं.

"यात मगरी आहेत म्हणे?"

"छे ने! (आहेत तर!) रोज दिसतात. आपण त्यांना नाही दिसलो म्हणजे झालं."

मला हसू आलं आणि माझा मलाच राग आला. हिच्याबरोबर हसायला मी आले नव्हते.

तिचं घर हरणीला, विमानतळाच्या बाजूला. विमान उतरताना खिडकीच्या काचा थरथरतात आणि घरातली माणसं बोलणं थांबवून मग तिथूनच पुढे सुरू करतात. तिचे यजमान रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. मला बघून ते उठून उभे राहिले. "भाऊ आमच्या शेजारच्या खोलीत होते, प्रतापनगरला. पहाटे कंपनीची बस यायची त्यांची." एवढं बोलून ते सेव-उसळ आणायला गेले.

सेव-उसळीबरोबर लाल तरी (तिखट रस्सा) वेगळी मिळते. मी ती डाळीसारखी ओतून घेतली. पहिल्या घासालाच नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शैला दही घेऊन धावली. तरीचा ठसका ओसरला, पण डोळे थांबेनात, आणि ते दोघेही माझ्याकडे न बघता पाव खात राहिले. त्यांच्या त्या न बघण्याने मला फार बरं वाटलं.

दुपारी तिने मला शहर दाखवलं. सूरसागराच्या काठी आम्ही बराच वेळ बसलो. ऊन पाण्यावर सांडलं होतं, तलावातला उंच महादेव त्यात हलत होता. हे इथे बसले असतील का? पत्रांत हे फक्त बडोद्याच्या उकाड्याबद्दल आणि गोड डाळीबद्दल लिहायचे. समोरून जाणाऱ्या प्रत्येक ताठ पाठीच्या माणसात मला ते दिसत होते. विचारायचा प्रश्न ओठांवर आला आणि तिथेच विरला.

तो दुसऱ्या दिवशी तिनेच काढला.

सकाळी ती मला प्रतापनगरला घेऊन गेली. वर्कशॉपकडे कामगारांच्या सायकली निघाल्या होत्या, हँडलला डबे लटकवलेले. त्यांच्या जुन्या चाळीमागे एक मोकळं मैदान होतं. तिथे मीनाबेन नावाची तिची मैत्रीण जुनी लेडीज सायकल घेऊन थांबली होती.

"वहिनी," शैला म्हणाली, "काल तळ्यावर तुमच्या मनात काय होतं, ते मला समजलं. मीही बाईच आहे."

मी मान खाली घातली.

"या मैदानात भाऊंनी आम्हाला सायकल शिकवली. रविवारी सकाळी. आधी मी एकटी, पण माझे सासू-सासरे इथे पायरीवर बसलेले असायचे हां! मग मीनाबेन, मग चाळीतल्या सगळ्याच. अकरा जणी झालो. मी त्या सायकलवर नोकरीला लागले, वहिनी. बालवाडीत."

"बहु कडक हता," मीनाबेन म्हणाली. (फार कडक होते.)

"दोन नियम होते भाऊंचे. न सांगता सायकल सोडायची नाही. आणि कुणी पडली तर हसायचं नाही. एकदा आमच्या घरच्या यांना माझं पडणं बघून हसू आलं, तर भाऊ असे चिडले! म्हणाले, मी एकदा हसलो होतो. ती परत बसली नाही."

मला मैदान दिसेनासं झालं. जबलपूरची छावणी दिसू लागली. लग्नाला सहा महिने झाले होते. मीच हट्टाने म्हटलं होतं, मला सायकल शिकवा. क्वार्टरसमोर मी पडले, लुगडं साखळीत अडकलं, आणि हे त्यांच्या मित्रांबरोबर पोट धरून हसले. मी आत गेले. नंतर त्यांनी दोनदा विचारलं, मी नाही म्हटलं. मला वाटलं होतं, ते विसरले.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. कुणाला, ते मलाही ठाऊक नव्हतं.

शैलाने सायकल माझ्यापुढे आणली. "बेसो."

"वेड लागलंय का? या वयात?"

पण मी पदर खोचला. दोघींनी दोन्ही बाजूंनी धरलं. चार पावलांवर मी डावीकडे कलंडले, कोपर खरचटलं, चष्मा धुळीत गेला. वर पाहिलं तर दोघी अगदी गंभीर. मीनाबेनने चष्मा पुसून दिला. तिसऱ्या खेपेला चाक सरळ धावलं. "सोडू?" शैलाने विचारलं. मी म्हटलं, "सोड." आणि पंधरा-वीस हात मी एकटी गेले, कडुलिंबापर्यंत. कानाशी वारं होतं. एवढंच आठवतं.

तिसऱ्या दिवशी दोघी मला गाडीत बसवायला आल्या. वाटेसाठी लीलो चेवडो (बटाट्याचा ओलसर चिवडा) दिला. "आवजो," मीनाबेन म्हणाली. (पुन्हा या.) शैलाचा हात मी गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

पाच महिने मी यांच्या फोटोशी फार जपून बोलत आले होते, पाहुण्याशी बोलावं तसं. गाडीने भरुचला नर्मदा ओलांडली आणि मला अचानक संताप आला. अकरा जणींना शिकवलंत. अकरा जणींपुढे चूक कबूल केलीत. मला एका वाक्यात सांगता आलं नसतं? मी काय खाणार होते तुम्हाला? ते शेजारच्या रिकाम्या जागेवरून नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत राहिले. मग मी जबलपूर काढलं, बदल्या काढल्या, न बोललेल्या सगळ्या वर्षांचा हिशेब मागितला. त्यांनी नाही म्हटलं नाही. मीही कबूल केलं की त्यांनी दोनदा विचारलं होतं, तिसऱ्यांदा मी स्वतः म्हणू शकले असते.

सुरत गेलं, वलसाड गेलं. बाहेर कलत्या उन्हात उसाची शेतं सोनेरी झाली होती. समोरच्या बाईने विचारलं, "आजी, एकट्याच का?"

मी म्हटलं, "नाही, हे आहेत ना. जरा भांडण चाललंय आमचं."