हसताना गळतं का?

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात चिंध्या साठतात, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. आमच्या बोईसरच्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम बायकांची लघवी गळण्यावरची ऑपरेशनं करतात आणि सहा महिन्यांनी मी, त्यांची नर्स, त्या बायकांना प्रश्न विचारते. मॅडमचं म्हणणं, "टाके मी तपासेन. बरं वाटतंय की नाही, ते तिनंच सांगायला हवं." म्हणायला सोपं आहे. आमच्याकडच्या बायका खरं सांगतील तर शपथ!

* * *

उमरोळीच्या एका काकूंनी मॅडमसमोर सगळ्या प्रश्नांना "एकदम मस्त" म्हटलं. बाहेर आल्यावर पिशवीतून कपड्याची घडी डोकावत होती. मी विचारलं, "मग ही कशाला?"

"अगं, गळतं अजून थोडं. पण मॅडमनी एवढी मेहनत घेतली, त्यांना वाईट नको वाटायला."

तेव्हापासून प्रश्नांच्या वेळी मी मॅडमना खोलीबाहेर काढते.

* * *

नवापूरची एक मावशी मासळी विकते. तिला सांगितलं, शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे भयंकर त्रास. तुमचा किती?

"तू बोल आधी."

मी मूर्खासारखी म्हणाले, "पाच?"

"पाच लय झाले. दोन घे."

"मावशी, खरं सांगायचं असतं."

"बरं, तुजं नाय माजं नाय, तीन." आणि टोपली उचलून गेलीसुद्धा. मॅडम म्हणाल्या, यापुढे पहिला भाव तू बोलायचा नाही.

* * *

कारखान्यातले एक भाईसाहेब बायकोला घेऊन आले. मी तिला विचारायचे, उत्तर हे द्यायचे. "खांसी में?" "नहीं होता." "छींक में?" "बिलकुल नहीं." माझं डोकं फिरलं. मधले प्रश्न सोडून मी थेट शेवटचा विचारला, पतीसोबत संबंध आल्यावर त्रास होतो का?

भाईसाहेबांना एकदम चहाची आठवण झाली.

दार लागल्यावर ती पहिल्यांदा बोलली, "दीदी, ये वाला पहले पूछना था ना."

* * *

डोंगराकडच्या एका आजीला विचारलं, भरलेला हंडा उचलताना गळतं का?

"हंडा उचलतंय कोण? डॉक्टरनी जड उचलू नको सांगितलंय."

"आजी, ते थोडे आठवडेच होतं. आता उचला बिनधास्त."

"हळू बोल गं. सून बाहेर बसलीय."

* * *

आणि चिंचणीच्या त्या बाई. नवऱ्याबरोबर आल्या होत्या. चेहरा असा कडक, की मीच सरळ बसले. खोकताना नाही, शिंकताना नाही, सगळं छान होतं. मग विचारलं, हसताना?

"ठाऊक नाय. हसलेच नाय कवा."

नवरा म्हणाला, "तिला हसायला आवडत नाय, सिस्टर." हा माणूस म्हणजे गावाची करमणूक. बाहेर बाकावर बसल्या बसल्या त्यानं आमच्या वॉचमनलाही पोट धरून हसवलं होतं. "घरात मी तोंड उघडलं की ही बोलायची, गप बसा. मग सोडून दिलं. माजं बोलणं तिला पसंत नाय, त्याला कोण काय करणार?"

तो हे हसत हसत सांगत होता, पण मला ऐकवेना.

बाई खाली बघत होत्या. मग म्हणाल्या, "पसंत नव्हतं कोण बोललं? हसले की लुगडं भिजायचं माजं. भरल्या घरात कसं सांगू?"

त्याचं हसणं थांबलं. मलाच मध्ये पडावं लागलं. म्हटलं, "काका, सांगा काहीतरी. मला उत्तर हवंय."

त्यानं घसा साफ केला. "एकदा काय झालं, आमच्या आळीतला न्हावी..."

"ती नको," बाई म्हणाल्या. "ती बोकडाची गोष्ट सांगा. तिचा शेवट ऱ्हायलाय."