परडी रेकॉर्डचे दाजी

मालवणच्या बाजारात फोनो दुरुस्त करणारे दाजी तोंडवळकर यांच्या आयुष्याचे दोन तुकडे पडतात. पहिल्या तुकड्यात त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढून तबकड्या विकल्या. दुसऱ्या तुकड्यात, खांद्यावर गोणपाटाची पिशवी टाकून, त्यातली एक तबकडी घरोघर जाऊन परत मागितली. लोकांना हा दुसरा तुकडाच जास्त आठवतो. माणूस वेडा झाला की त्याचे शहाणपणाचे दिवस कोण लक्षात ठेवतो?

दाजी तरुणपणी गिरगावात एका फोनोवाल्याकडे कामाला होते. तिथे देशभरची गाणी कानांवरून गेली, पण मालवणी बोलीतले एक अक्षर नाही. "आमच्या माणसांका गळे नाय काय?" असे ते मालकाला विचारत, आणि मालक म्हणे, "गळे आहेत, गिऱ्हाईक नाही." दाजींना हे लागले. गावी परतल्यावर त्यांनी दुकान घातले आणि बावन्न साली मुंबईतल्या एका कारखान्याशी बोलणी करून आपल्या तबकड्या काढायला सुरुवात केली. कंपनी म्हणजे दाजी, त्यांची बायको जानकी आणि एक टेबल.

कंपनीचे नाव ठेवले परडी रेकॉर्ड. हे नाव धामापूरच्या तळ्याचे. भगवतीच्या देवळापाशी जे मोठे तळे आहे, त्याची गोष्ट आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. पूर्वी गरिबाघरी लग्न निघाले की परडीत फुले घालून ती तळ्यात सोडायची, आणि सकाळी परडी दागिन्यांनी भरून काठाला लागायची. लग्न पार पडले की दागिने तळ्याला परत. मग कुणाला तरी हाव सुटली, त्याने एक दागिना ठेवून घेतला, आणि तळ्याने देणे बंद केले ते कायमचे. दाजींच्या तबकडीवर फुलांची परडी छापलेली असे. जानकी म्हणाली होती, "नाव बरा आसा, पण त्या नावाचो शेवट बरो नाय." दाजी हसले होते.

पहिल्या तबकड्या बेताच्याच खपल्या. दशावतारातल्या संकासुराची टवाळी, एका बुवांचे भजन, फुगड्यांची गाणी. नातेवाईक घेत, तेही आडून आडून फुकट मागत.

मग दाजींनी धामापूरची सावित्री ऐकली. एका घरचा फोनो दुरुस्त करायला गेले असताना शेजारून जात्याची घरघर आली आणि तिच्यावर तरंगत एक आवाज. जाडसर आणि थोडा घोगरा, पण ऐकणाऱ्याला जागचा हलू न देणारा. दाजींच्या हातातला पेचकस तसाच राहिला.

*पेज वाडग्यात निवली, वात दिव्याची सरली,*
*ये रे दर्याच्या पावण्या, वाट खंय रे चुकली*

सावित्रीचा नवरा गंगाराम फत्तेमारीवर खलाशी होता. मंगळुरी कौले भरून मुंबईला जाणारी ती फत्तेमारी एका वादळात गेली ती गेलीच. फळी मिळाली नाही, माणूस मिळाले नाही. पोर सुभद्रा तेव्हा रांगत होती. सावित्री कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची, आणि रोज दळताना नवऱ्याला हाक मारायची. गावाने तिला सवाष्ण म्हणावे तरी पंचाईत, न म्हणावे तरी पंचाईत. हळदीकुंकवाला तिला बोलावतच नसत, म्हणजे प्रश्नच नको.

ही ओवी तबकडीवर गाशील का, असे दाजींनी तिला विचारले. तिने आधी दळण संपवले, पीठ भरले, हात झटकले. मग म्हणाली, "दाजीनू, ही ओवी गाणा नाय. ही हाक आसा. हाक घरोघर गेली तर बरीच झाली, खंयतरी त्याका आयकाक येयत. पण तो इलो, नायतर तो गेल्याचा खरा कळला, की ही हाक तुमी परत करूची. मेलेल्या माणसाक हाक मारूची नसता. त्याचो पाय अडकता."

"परत करूची म्हणजे?"

"तळ्याक देवची. तुमच्या रेकॉर्डीर परडी आसा मा? मगे."

दाजी कबूल झाले. नुसते कबूल नाही, सावित्रीने त्यांना भगवतीच्या पायऱ्यांवर नेऊन तळ्याकडे तोंड करून वदवून घेतले, जसे दागिने नेणारे लोक वदत असत. दाजींना त्यात गंमतच वाटली. आपल्यासारख्या माणसांचे असेच असते. देवाला न मानणारा माणूसही देवळात खोटे बोलताना आवाज बारीक करतो, पण काम झाले की विसरतो.

सावित्री बोटीने मुंबईला यायला तयार नव्हती. दर्याने एक नेला तो पुरे. मग जानकीला सोबत घेऊन तिघे मोटारीने, घाट चढून, कोल्हापुरावरून गेले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत तिला उभी केली तर आवाज फुटेना. हात मोकळे असताना ती कधी गायलीच नव्हती. दाजींनी धावाधाव करून गिरगावातल्या एका ओळखीच्या घरचे जाते हमालाच्या डोक्यावर आणवले. सावित्री म्हणाली, रिकामे जाते फिरवणार नाही, अपशकून. मग वाण्याकडून तांदूळ आले. यंत्रावरचा माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, ही घरघर तबकडीत येईल. दाजी म्हणाले, येऊ द्या. सावित्रीने डोळे मिटले आणि दळायला लागली. खोलीभर पिठाचा वास सुटला. ती घरघर त्या तबकडीवर आहे, आणि लोक शपथेवर सांगत की ती जात्याची नाही, दर्याची आहे.

त्या तबकडीने परडी रेकॉर्डला उभे केले. जिच्या घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, बोटीवर किंवा कुठे तरी पोटामागे गेला होता, तिला ती आपलीच वाटली. मुंबईच्या खोल्यांतून दहा दहा माणसे एका फोनोभोवती बसून ऐकत आणि संपल्यावर कुणी कुणाकडे बघत नसे. आरोंद्यापासून देवगडपर्यंत ती तबकडी गेली. तिच्या जिवावर दाजींनी आणखी गाणारे शोधले, त्यांना मुंबई दाखवली, त्यांची नावे तबकडीवर छापली. दाजींना बाजारात लोक आता मालक म्हणू लागले.

साठ साली लवू परत आला. हा लवू गंगारामच्याच फत्तेमारीवर होता. दुसऱ्या गलबताने त्याला उचलले होते, पण बाकीचे सगळे गेले आणि आपण एकटे वाचलो या लाजेने तो गावाला तोंड न दाखवता केरळाकडे राबत राहिला. आता हाडे थकली तेव्हा आला. सावित्रीच्या पडवीत बसून, मान खाली घालून, त्याने सांगितले. गंगारामचा हात त्याच्या हातात होता, आणि सुटला.

सावित्री रडली नाही. भटजींना बोलावून तिने दर्भाचा पुतळा करवला, त्याला अग्नी देववला, सगळे विधी केले. कुंकू पुसले. आणि तेरावे उरकताच पांढऱ्या कपाळाने दाजींच्या दुकानात आली.

"दाजीनू, आता त्याका हाक नको."

दाजींनी दुकानातल्या तिच्या सगळ्या तबकड्या तिच्यासमोर बांधल्या. म्हणाले, "ह्यो घे. साचो मुंबयक कारखान्यात आसा, तो आणून मीच तळ्यात घालतंय. काळजी करू नको, वयनी." आणि ते खरेच मुंबईला गेले.

पण चतुर्थी जवळ आली होती. चाकरमानी गावी येणार, घरोघर फोनो वाजणार, आणि ती तबकडी नाही म्हटल्यावर परडी रेकॉर्डला विचारणार कोण? त्याच सुमारास बाजारात नव्या पातळ रेकॉर्डी यायला लागल्या होत्या, रेडिओ घराघरांत शिरत होता. दाजींना दिसत होते की ही एक तबकडी गेली तर कंपनी गेली. गळे असलेली ती सगळी माणसे पुन्हा मुकी. एवढी एक चतुर्थी, असे ते मनाशी म्हणाले, मग आयुष्यभर सावित्रीचे ऐकू. साचा न आणता ते त्यावरून काढलेल्या नव्या तबकड्यांची पेटी घेऊन मोटारीतून उतरले. कळते पण वळत नाही म्हणतात ते हेच.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सावित्री गणपतीवर टांगायच्या माटवीचे सामान घ्यायला मालवणच्या बाजारात आली. बाजार गच्च भरलेला. आणि हॉटेलातून, तिथून पुढच्या कापडाच्या दुकानातून, वरच्या माळ्यावरून, तिचाच आवाज तिच्या नवऱ्याला बोलावत होता. ती तशीच चालत दाजींच्या दुकानापाशी आली. दाजींनी मान वर केली नाही. वर करण्याची छातीच झाली नाही त्यांची.

"त्याका अग्नी दिलो," ती म्हणाली, "आणि माझोच आवाज त्याका बोलावता. दाजीनू, तो इलो तर मी त्याका काय सांगू?"

ती वळून चालू लागली. माटवीचे सामान दुकानाच्या पायरीवर तसेच राहिले.

त्यानंतर सावित्री कधी गायली नाही. दळायची ते मुकाट. शिमग्याआधी तापाने गेली. तापात होती तेव्हा दार लावू देत नव्हती म्हणे, आणि जेवताना एक वाडगा जास्त मांडायला सांगायची.

ती गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी दाजी मुंबईला गेले, साचा आणला आणि धामापूरच्या तळ्यात सोडला. परडी रेकॉर्ड त्या दिवशी बंद झाली. पण एकदा ठेवून घेतलेला दागिना उशिरा परत केल्याने तळे प्रसन्न होत नाही, हे त्यांना लवकरच कळले. भर दुपारी, बाजार झोपलेला असताना, त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर पाणी दिसायला लागले. कुणी भिजल्या पायांनी येऊन उभे राहिल्यासारखे. जानकी पुसायची, चाखून बघायची. खारट. वर कौल गळत नव्हते आणि समुद्राचे पाणी काही तिथवर पोहोचत नव्हते. गावातूनही कुणकुण ऐकू येऊ लागली. ज्या घरात ती तबकडी वाजते, तिथला उंबरा ओला होतो. खरेखोटे तो दर्याच जाणे, पण दाजींचा उंबरा मात्र रोज ओला व्हायचा.

तेव्हा दाजींनी पिशवी खांद्यावर घेतली. कुठल्या गावात कुणाला तबकडी विकली हे त्यांना तोंडपाठ होते. दारात उभे राहून ते म्हणत, "सावित्रीची रेकॉर्ड आसा मा? ती माका देवा, बदल्यात दुसरी घेवा." कुणी हसून देई. कुणी म्हणे, "विकलास कित्याक मगे?" एका म्हातारीने तबकडी छातीशी धरली आणि तिचा मुलगा मुंबईहून परत येईपर्यंत देणार नाही म्हणाली. दाजी तिच्याकडे दर वर्षी जात राहिले. चौथ्या वर्षी मुलगा आला आणि तबकडी मिळाली. पिशवी भरली की दाजी धामापूरला जाऊन एकेक तबकडी पाण्यात सोडत. पोरे मागून ओरडत, "परडी इली, परडी इली." दाजी वळूनही बघत नसत. उन्हातान्हात त्यांची सावली बारीक होत गेली, आणि उंबरा काही सुकेना.

असे करता करता त्यांच्या माहितीतली शेवटची तबकडी राहिली. ती आरोंद्याला होती, सावित्रीच्या लेकीकडे. दाजींनी हे घर मुद्दाम शेवटी ठेवले होते. माणूस नेमके तेच दार टाळतो, ज्या दारात त्याला जायचे असते.

एकोणसत्तर साली, एका दुपारी, ते तिथे पोहोचले. घर खाडीच्या काठावर, पुढे पडवी, पडवीत लाकडी बाकडे. सुभद्राने त्यांना ओळखले. पाय धुवायला पाणी दिले, गूळ दिला. दाजींनी सगळे सांगितले, पायरीवरचे वचन, चतुर्थी, साचा, काहीच लपवले नाही. "बाय, तुझ्या आवशीक मी फसयलंय," ते म्हणाले. "ही एक दिलंस की तुझो बापूस सुटलो. आणि मीय सुटलंय."

सुभद्रा आत गेली, फोनो आणून पडवीत ठेवला, चावी दिली. मग पुन्हा आत गेली आणि वाफाळती पेज वाडग्यात घेऊन आली. वाडगा तिने बाकड्यावर ठेवला, दाजींच्या शेजारी, मोकळ्या जागेपुढे. दाजींना वाटले आपल्यालाच दिली. त्यांनी हात पुढे केला.

"ती तुमची नाय, काका," ती हलकेच म्हणाली.

तबकडी फिरू लागली. जाते घरघरले. इतक्या वर्षांनी दाजींनी तो आवाज ऐकला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, ते त्यांनी पुसलेही नाही.

"माका बापाशीचा तोंड आठवना नाय," सुभद्रा म्हणाली. "आवस हाक मारी तेव्हा तो इलो नाय. आता येता. आवशीची पेज निवान जाय, म्हणान मी कढत वाढतंय. तुमी त्याका सोडवूक इलास, पण त्याका जावचा आसा काय, ह्या कोणी इचारला?"

दाजींनी उंबऱ्याकडे पाहिले, तो ओला होता. खाडीला भरती होती, वारा होता, पाणी कुठूनही आले असेल. त्यांनी मग आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकड्यावर थोडे बाजूला सरकून बसले.

रेकॉर्ड संपल्यावर दाजी रिकामी पिशवी घेऊन निघाले, वाटेत धामापूरला उतरले, आणि तळ्याला सांगून आले की एक राहिली, ती लेकीकडे आहे, तिच्याकडून ती मागायला जीव होत नाही.

घरी आल्यावर जानकीच्या ध्यानात आले की दुपार टळली तरी उंबरा कोरडाच आहे. दुसऱ्या दिवशीही कोरडा. तिसऱ्या दिवशी तिने न राहवून विचारले. दाजी जुना फोनो उघडून बसले होते. पेचकस खाली न ठेवता म्हणाले, "तो आता आरोंद्याक जाता."