मैदानावर बोलावं लागतं

वहिनी, अक्षर वाकडंतिकडं आहे, शब्दही चुकले असतील. चौथीनंतर लिहायची वेळ फारशी आलीच नाही. समजून घ्या.

मी डोंबिवलीला निघाले तेव्हा सारिका तुमच्या कडेवर होती. इथली खोली लहान, आम्ही दोघंही कामावर, म्हणून लेकीला तुमच्याकडं ठेवलं. एसटी सुटेपर्यंत ती रडली नाही, मीच रडले. आई खिडकीशी येऊन म्हणाली, "परक्या गावात मान खाली ठेव. विचारलं तेवढंच बोल." त्या एका वाक्यावर माझी इथली सगळी वर्षं निघाली. बिल्डिंगमध्ये मला आवाज आहे हेच कुणाला माहीत नाही.

सारिका तुमच्याकडं वाढली, तालुक्याच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळायला लागली. आता इथल्या कॉलेजनं टीमसाठी बाहेरच्या कॉलेजांतल्या मुली बघायला बोलावल्या. घेतलं तर इथं प्रवेश आणि माझ्याजवळ राहणं, नाही घेतलं तर परत तुमच्याकडं, असं आपलं ठरलेलंच होतं.

मुली बघणं मला एकाच तऱ्हेचं ठाऊक. म्हणून सकाळी तिची घट्ट वेणी घातली, बेसनाचे लाडू घेतले आणि आईचं वाक्य तिलाही दिलं. मैदानावर टीमच्या सरांनी हसून लाडू घेतला आणि शिट्टी वाजवली.

पुढचं मला नीट कळलं नाही. सारिकाचे चेंडू जाळीत पडत होते, तरी सर दुसरीकडंच बघत होते. एकीचा एकही पडला नाही, पण ती सारखी ओरडत होती, "मागे बघ! डावीकडे दे!" तिलाच शाबासकी. मग सर माझ्याजवळ आले. "काकू, हात छान आहे हिचा. पण ही बोलत का नाही? मुक्या मुलीला नव्या टीममध्ये कसं बसवू?"

खरं सांगू? क्षणभर वाटलं, नकोच घेऊ देत, तुमच्याकडं सुखात आहे. आणि तेवढ्यात माझ्याच तोंडून निघून गेलं, "सारिके, अगं बोल की! म्हशी हाकताना ओरडतेस तशी!"

मुली फिदीफिदी हसल्या. "आंटी, म्हशी म्हणजे आम्ही का?"

सारिका लालबुंद झाली. मग मैदान दणाणलं. "हिकडं टाक गं! हिकडं!" वहिनी, तो आवाज तुमचा होता, बांधावरून हाक मारता तसाच. मुलगी नक्की कुणाची, ते मला उमजेना.

सरांनी घेतली. पण नियम आहे म्हणे, बाहेरून आलेलीनं यंदा नुसता सराव करायचा, सामने पुढच्या वर्षी. म्हणजे घेतली की नाही, असं मी दोनदा विचारलं. घेतलीय.

काल ती म्हणाली, "आई, दिवाळीत घरी जायचं ना?" कुठलं घर, ते मी विचारलं नाही. आज सकाळी ती सरावाला निघाली आणि डबा विसरली. मी गॅलरीतून जोरात हाक मारली. शेजारीण दार उघडून बघायला लागली. "अय्या, तुम्ही ओरडलात?"

मी तिला आत चहाला बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.