साबळे सरांचं साउंड कार्ड आणि काकूंचे कान

साबळे सरांशी माझी पहिली ओळख जळक्या वासाने झाली. देवगाव रंगारीहून शिकायला आलेली मी तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात संगणकाला आवाज देणारं एक साउंड कार्ड जाळून बसले. सर रागावले नाहीत. काय केल्यावर जळलं, तेवढं त्यांनी मला फळ्यावर लिहायला लावलं, म्हणजे दुसऱ्याचं कार्ड तरी वाचेल. पुढे मी त्याच विभागात त्यांची सहकारी झाले, तरी त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसायचं धाडस मला आजही होत नाही.

सर पंच्याहत्तरी पूर्ण करत आहेत. या गौरवग्रंथात आनंदाचं लिहावं, हे मलाही कळतं. पण काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, जाऊन अजून वर्षही झालेलं नाही, आणि काकूंना वगळून सरांचं काम सांगताच येत नाही. हे सगळं सरांना विचारूनच लिहिते आहे.

मधुमेहाने काकूंची दृष्टी गेली, तेव्हा सरांनी घरच्या जुन्या संगणकावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली घालून वर्तमानपत्र वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला. पण संगणक मुकाच. त्यातलं साउंड कार्ड लिनक्सवर चालवणारा ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम कुणी लिहिलाच नव्हता, आणि कार्ड बनवणारी कंपनी माहिती द्यायला तयार नव्हती. सर म्हणाले, मग कार्डालाच विचारू. एकेक आकडा कार्डाला पाठवायचा आणि आवाजात काय बदललं ते ऐकायचं. सरांची उमेदीची वर्षं वाळूजच्या कारखान्यात, यंत्रांच्या गोंगाटात गेलेली. बारीक आवाज त्यांना ऐकू येत नाहीत. म्हणून आकडे सरांचे आणि कान काकूंचे.

ती दुष्काळाची वर्षं होती. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीतले बोअर आटले होते आणि बीड बायपासकडे मात्र इमारतींवर इमारती चढत होत्या. टँकर आला की त्याच्या घरघरीत काही ऐकू येईना; मग सर काम सोडून बादल्या भरायला जात. काकूंच्या तिखट कानांतून काही सुटत नसे. एकदा मात्र फजिती झाली. काकू टेबलाच्या पलीकडे, सरांकडे तोंड करून बसत. त्यांची डावी बाजू ती सरांची उजवी, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सरांनी ड्रायव्हर सगळ्यांसाठी खुला केला, तो जगभर गेला आणि परदेशातून कुणीतरी कळवलं की दोन्ही बाजूंची अदलाबदल झाली आहे. काकू म्हणाल्या, "मला दिसत नाय, पण तुम्हाला तर दिसत होतं ना?" सर हा किस्सा प्रत्येक नव्या वर्गाला आवर्जून सांगत.

माझे वडील आजारी होते, तेव्हा माझे सगळे तास सरांनी घेतले. मी आभार मानायला गेले, तर काकूंनी बोलूच दिलं नाही, सरळ ताटावर बसवलं.

काकू गेल्या आणि सरांनी संगणकावर चादर टाकली. मध्यंतरी लिनक्सचे ड्रायव्हर सांभाळणाऱ्या मंडळींचा सरांना निरोप आला. त्यांनी सरांच्या ड्रायव्हरमध्ये काही बदल केले होते. हे कार्ड असलेल्या कुणी ते तपासून दिले नाहीत, तर ड्रायव्हरच काढून टाकावा लागणार होता. म्हणजे कुठे एखाद्या अंध माणसाचा संगणक या कार्डावर बोलत असेल, तर तो गप्प होणार. सरांना तेवढं पुरलं. त्यांनी चादर काढली आणि मला बोलावलं.

मी काकूंच्या खुर्चीत बसले. शब्द स्पष्ट होते, पण प्रत्येक शब्दामागे दात शिवशिवावेत अशी बारीक शिट्टी होती. सरांनी विचारलं, "स्वच्छ आहे ना?" मला खोटं बोलावंसं वाटलं, पण बोलता आलं नाही. शिट्टी नव्या बदलांमुळे आली असेल, असं मी म्हणाले. सरांनी जुना ड्रायव्हर लावला. शिट्टी तीच.

सर म्हणाले, "ड्रायव्हर करताना शेवटी शेवटी मी लई थकायचो. ती म्हणायची, झालं आता स्वच्छ, उठा, जेवून घ्या."

इतकी वर्षं काकूंनी त्या शिट्टीसकट वर्तमानपत्र ऐकलं होतं. मला रडू आवरेना. सर मात्र कामाला लागले. कार्डातली आवाजाची एक गरज नसलेली वाट उघडी राहिली होती, तिथून तो आवाज शिरत होता. ती त्यांनी शोधून बंद केली. मग मला पुन्हा ऐकायला लावलं. स्वच्छ आहे, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघत विचारलं, "खरं सांगतेस ना?" मी खरंच सांगत होते.

आमची तपासणी त्या मंडळींना पोचली आणि ड्रायव्हर राहिला. सर, आपल्याला निरोगी आणि उदंड आयुष्य लाभो, असं मी मनापासून मागते. एकट्याने जगायला ते आपल्याला फार लांब वाटणार आहे, हे मला कळतं. तरीही मागते.