चादरीचं दुसरं टोक

घडीमावशी गेली त्याला दीड महिना झाला. भेटायला येतो तो प्रत्येक जण म्हणतो, फार शांत बाई होती हो. कोण शांत? बहुतेक पत्ता चुकून दुसऱ्याच घरी आलेत. मावशी शांत होती ती फक्त एका माणसाशी, सख्ख्या धाकट्या बहिणीशी. तिच्याशी नऊ वर्षं एक शब्द बोलली नाही. बाकी जगाला तिनं कधी सोडलं नाही.

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती, तिथे मावशीनं एकतीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. म्हणून घडीमावशी. मोठी चादर एकटीला जमत नाही, दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, कोपऱ्याला कोपरा लावायचा आणि मग एकमेकींकडे चालत यायचं. समोरचं टोक कायम धाकटीकडे. बावीस वर्षं ती जोडी होती, बोलायला लागायचं नाही, नुसती मान हलली तरी कळायचं.

मग धाकटी सुपरवायझर झाली. पहिल्याच दिवशी सगळ्या बायकांसमोर तिनं मावशीचा अख्खा गठ्ठा उलगडला. म्हणाली, "चादरीची निळी पट्टी बाहेर दिसत नाहीये, घड्या परत घाला."

मावशी म्हणाली, "बरं, मॅडम."

झालं. ते मॅडम शेवटचं. मावशीनं ठरवलं, चूक तिची आहे, तोंड तिनं उघडायचं. धाकटीनं ठरवलं, मोठीनं एवढा रुसवा धरायचं काय कारण. दोघी रिटायर झाल्या तरी रुसवा आहे तिथेच.

गेल्या वर्षी डॉक्टरनं मावशीला सांगितलं की हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय. हे मावशीनं एकट्या भाचीला सांगितलं, म्हणजे धाकटीच्याच मुलीला. वर दम दिला, "तुझ्या आईला कळता कामा नये. नाहीतर दया येईल तिला. मला दयेनं बोललेलं नकोय."

भाचीनं मग डोकं चालवलं. बर्फाच्या समुद्रातल्या एका मोठ्या बोटीची सहल काढली, मुलाबाळांना घेऊन जातात तसली, वर घसरगुंडी, खाली दिवसभर जेवण. दोघींना वेगवेगळं सांगितलं की दुसरी येत नाहीये. दोघी भेटल्या त्या थेट बोटीच्या शिडीवर.

मावशी भाचीला म्हणाली, "तू म्हणालीस तिचा गुडघा दुखतोय."

"दुखत होता."

"आणि समुद्र बघून बरा झाला?"

पुढे खोलीची किल्ली मिळाली तर खोलीसुद्धा दोघींना एकच. मावशी चिडून आत निघाली तेवढ्यात दारात एक माणूस पांढऱ्या अस्वलाच्या वेषात उभा. पोरांना मिठ्या मारत होता, त्यानं मावशीलाही मारली. मावशीनं त्याची केसाळ बाही हुंगली आणि विचारलं, "हे शेवटचं धुतलं कधी?" अस्वल पुढच्या पोराकडे वळलं. धाकटी मागे उभी होती, तिला हसू आलं, ते तिनं खोकून दाबलं.

खोलीत दोन पलंग, मध्ये हातभर जागा. पहिल्या रात्री शेजारच्या खोलीत भाचीचा फोन वाजला.

"तुझ्या आईला सांग, दिवा बंद कर म्हणावं."

"मावशी, अगं ती तुझ्या शेजारी आहे."

"म्हणून तर फोन केला. मी तिच्याशी बोलत नाही."

मागून धाकटीचा आवाज आला, "सांग तिला, वाचतेय मी." असे दिवसाला आठ-दहा फोन. भाचीचा नवरा म्हणाला, आपण टेलिफोन एक्स्चेंज उघडूया.

त्यात टॉवेलची भानगड. खोली आवरायला एक मिशीवाला भला माणूस होता, तो रोज टॉवेलचं एक जनावर करून पलंगावर ठेवायचा. पहिल्या दिवशी हत्ती. मावशीनं हत्ती सोंडेला धरून उचलला, झटकला आणि तीन घड्या घालून कडेला ठेवला. "टॉवेल अंग पुसायला असतो," एवढंच. दुसऱ्या दिवशी बदक, त्याचंही तेच. मिशीवाला बिचारा भाचीला येऊन विचारतो, बाईंना आवडत नाही का, काही तक्रार आहे का. धाकटीला मात्र जनावरं फार आवडायची. मावशी अंघोळीला गेली की ही टॉवेल घेऊन बदक परत करायला बसायची. जमायचं नाही. मावशी बाहेर येऊन बघायची तर पलंगावर भिजलेल्या कोंबडीसारखं काहीतरी.

चौथ्या दिवशी सकाळी बोट बर्फाच्या कड्यासमोर थांबली. सगळे डेकवर. गारठा असा की नाक आहे की गळून पडलंय कळेना. बोटीच्या माणसांनी प्रत्येकाला एकेक ब्लँकेट दिलं, लाल पट्टीचं. समोर दहा मजली बर्फ, निळाभोर. लोक गप्प झाले, काहींचे डोळे भरले.

मावशी म्हणाली, "नीळ जास्त झाली."

धाकटी फस्सकन हसली. या वेळी खोकून दाबता आलं नाही. मावशीनं तिच्याकडे बघितलं नाही, पण पदर सारखा केला. म्हणजे खूश होती.

थोड्या वेळानं काही लोक कंटाळून आत जायला लागले आणि ब्लँकेटं बाकावर फेकायला लागले. नुसते बोळे. एक बोळा, दोन बोळे, दहा बोळे. मावशीनं कड्याकडे पाठ केली. भाची म्हणाली, "मावशी, राहू दे, आता कड्याचा बर्फ तुटून पडेल, तो बघायला आलोय आपण."

"बर्फ काय, पडेल त्याचा तो," म्हणत मावशीनं एक ब्लँकेट उचललं आणि झटकलं. वाऱ्यानं ते तिच्या हातातून निम्मं ओढून नेलं, दुसरं टोक कठड्यावरून बाहेर फडफडायला लागलं. मावशी ओढायला लागली आणि तिला धाप लागली. तेवढ्यात धाकटीनं झेप घेऊन ते टोक धरलं. गुडघा खरंच दुखत होता तिचा, तरी.

दोघींनी दोन-दोन कोपरे धरले. झटका दिला. कोपऱ्याला कोपरा लावला. मागे अख्खा कडा धाडकन समुद्रात कोसळला, बोट हलली, लोक ओरडले, अस्वलानंही टाळ्या वाजवल्या. या दोघींनी मान वळवली नाही. एकमेकींकडे चालत आल्या आणि बोटाला बोट लागलं तिथे थांबल्या.

धाकटी म्हणाली, "पट्टी आत गेली. माझ्याकडून."

मावशीनं पट्टी ओढून बाहेर काढली.

"त्या दिवशी तुझी घडी बरोबर होती."

"मग उलगडलीस कशाला?"

"पहिला दिवस होता. सगळ्या बघत होत्या. म्हटलं, बहिणीला सूट दिली म्हणतील."

मावशी दम खात उभी राहिली. मग म्हणाली, "नऊ वर्षं लागली तुला एवढं सांगायला? मूर्ख आहेस."

"आहे."

"कोपरा धर नीट."

त्या दिवशी त्या दोघींनी डेकवरच्या सगळ्या ब्लँकेटांच्या घड्या घातल्या, साठ तरी असतील, एकही सोडलं नाही. मिशीवाला बघत उभा राहिला. दुपारी त्यानं पलंगावर दोन हत्ती ठेवले, सोंडेत सोंड घातलेले. मावशीनं ते उलगडले नाहीत. एक तर बॅगेत घालून घरी आणला. चोरी नाही म्हणे, नमुना.

फोन बंद झाले. पण भिंतीपलीकडे दोघींची भांडणं अशी सुरू झाली की भाचीला झोप मिळेना. घरी आल्यावरही रोज, सात महिने, दोन वेळा, जेवणासारखी.

आता धाकटी चादरीचं एक टोक कपाटाच्या दारात अडकवते आणि दुसरं आपण धरून घडी घालते. भाची मदतीला गेली तर म्हणते, तू नको, तुला झटका येत नाही. मग कपाटालाच बोलते. म्हणते, हे धरतं घट्ट, पण पुढे चालत येत नाही.