मधल्या हॉर्नची ऊब

आमच्या रिसीव्हरला आकाशाचा एक ठिपका नाही, एकदम सात ठिपके बघायचे होते. त्यासाठी मिलिमीटर लहरी पकडणारे सात हॉर्न, छोट्या नरसाळ्यांसारखे, एक मधे आणि सहा भोवती. रचना माझी. नव्वदच्या दशकात आमच्याकडे हा खुळेपणाच समजला जाई. दोन दिवसांनी साहेब मंडळी बघायला येणार होती, आणि सातही चालले नाहीत तर काम गुंडाळायचं ठरलं होतं.

हवेतली वाफ या लहरी गिळून टाकते, म्हणून जतचा कोरडा माळ गाठला. आई जाऊन महिना झाला होता. आबांना पलूसला एकटं ठेवायला मन होईना, त्यांनाही घेऊन आलो.

हॉर्न मोकळ्या, गार आकाशाकडे वळवले की ऊब दाखवणारे सातही काटे खाली यायला हवेत. कुणी आडवं आलं तर अंगच्या उबेनं ते चढतात. सहा उतरले. मधला वरच राहिला.

"आबा, जरा बाजूला व्हा."

"मी मागंच हाय की रं."

यंत्र पूर्वेला फिरवलं, मग थेट डोक्यावर. ऊब आमच्याबरोबर फिरत राहिली. आबांनी चपला काढल्या.

"तुजी आई हाय," ते म्हणाले.

मी चिडलो. इतकी वर्षं डोकं घासलं ते काय भुतं मोजायला? वायरी अदलूनबदलून पाहिल्या, सगळं ठीक. शेवटी धुळीसाठी ठेवलेलं थर्माकोलचं झाकण काढलं. या लहरींना ते असून नसल्यासारखंच, म्हणून आधी सुचलंच नव्हतं. आतल्या बाजूला, बरोबर मधोमध, हळदीकुंकवाचं जाड बोट वाळून बसलं होतं. खंडेनवमीला यंत्र घरी होतं. त्याला हात लावायचा नाही, असं मी आईला बजावलं होतं. तिनं पूजा केलीच, फक्त मला दिसू नये अशी केली.

झाकण हातात असतानाच मधला काटा घसरून बाकीच्यांजवळ गेला. माझी रचना बरोबर होती. आबा त्या काट्याकडेच बघत होते.

"गेली," ते म्हणाले.

मी कुंकू दाखवलं, त्याचीच ऊब मधल्या हॉर्नला दिसत होती हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय. पर ते परत लाव की."

मी लावलं. काटा चढला. आबा समोर मांडी घालून बसले आणि हळू आवाजात घरचं सांगू लागले, म्हैस आटली, ऊस तुटायला आला. प्रत्येक गोष्टीनंतर ते थांबत, समोरून उत्तर येतंय तसे मान हलवत, मग पुढचं बोलत. यंत्र बंद करायला माझा हात धजला नाही.