प्लेटमागे कसं बसावं

बेसबॉलच्या पंचाने प्लेटमागे, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायच्या जागेमागे, कसं बसायचं, हे मला दोन दिवसांच्या शिबिरात शिकवलं होतं. पाय फाकवून कॅचरच्या मागे इतकं खाली बसायचं, की गुडघ्याखालून जाणारा चेंडू नजरेतून सुटू नये, कारण तो वाईट धरायचा असतो. मी शाळेत खेळाचा शिक्षक, मूळचा क्रिकेटवाला. घरी कपाटाच्या आरशासमोर बसून बघत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. म्हणाली, "अहो, टमरेल घेऊन बसल्यासारखे दिसताय."

ते मनाला लागलं. एवढ्या पोरींसमोर, त्यांच्या शिक्षकांसमोर असं बसायचं? मी आपली सोयीची पद्धत काढली. हात मांड्यांवर, कमरेत जरासा वाक. रुबाब राहिला. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि नाशकात हा खेळ कळणारेच थोडे. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी माझी गत. कुणी चूक काढली नाही.

मग विभागाचा अंतिम सामना आला. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. हरसूलकडच्या आश्रमशाळेच्या पोरी एका रनने मागे होत्या. शेवटचा डाव, दोन बाद, तिन्ही बेस भरलेले. बॅटिंगला त्यांची कॅप्टन, बारावीतली. सकाळीच त्यांचे सर मला म्हणाले होते, "हिला पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर बसायचंय. राज्याचं सर्टिफिकेट मिळालं तरच जमेल. नाहीतर निफाडला द्राक्षाच्या कामावर जाईल."

तीन बॉल, म्हणजे वाईट चेंडू, आणि दोन स्ट्राइक. आता चेंडू वाईट पडला तर तिला फुकट बेस, पुढच्या सगळ्या एकेक बेस सरकणार आणि बरोबरी. चांगला पडून तिने सोडला तर खेळ खलास. चेंडू आला, तिने सोडला. कॅचरने पकडता पकडता हातमोजा वर उचलला. मी उभ्याउभ्या बघत होतो, मला तो मोजाच दिसला. दणक्यात हात वर करून मी ओरडलो, "स्ट्राइक!"

ओरडतानाच शंका आली होती. पण चेंडू दिसला नाही, हे कबूल करायची लाज वाटली. भित्रेपणाच तो, दुसरं काही नाही.

आमच्याकडे सामना संपला की पोरी पंचांच्या पाया पडतात. आधी जिंकलेल्या आल्या, मग हरलेल्या. कॅप्टन सगळ्यांत शेवटी आली, डोळे लाल. वाकलेली असतानाच हळू म्हणाली, "सर, बॉल लय खाली व्हता."

माझा हात सवयीने तिच्या डोक्यावर गेला, आणि सवयीनेच तोंडातून आलं, "यशस्वी हो."